योडाचे कान, क्लोनची मान: 'स्टार वॉर्स'मधलं डिजिटल अ‍ॅनिमेशन तुम्हाला नेमकं कुठे खटकतं?

शेवटचीरांग (प्रश्न)

गेले पाच-सहा शनिवार आमच्याकडे 'स्टार वॉर्स' चालू आहे. भाचा अकरा वर्षांचा, त्याने यातलं काहीच पाहिलं नव्हतं. क्रम मी मुद्दाम प्रदर्शनाच्या सालाप्रमाणे ठेवला. आधी १९७७, १९८०, १९८३ आणि मग १९९९, २००२, २००५. बाहुले, छोटी मॉडेल्स, मग कॉम्प्युटर, असा बदल त्याला मी काही न सांगता दिसावा एवढाच हेतू. पण त्याने जे टिपलं त्यातलं निम्मं मला इतकी वर्षं पाहूनही दिसलं नव्हतं, म्हणून इथे विचारते आहे.

१९८० च्या चित्रपटात दलदलीत योडा, म्हणजे मोठ्या कानांचा बुटका म्हातारा गुरू, पहिल्यांदा दिसतो आणि नायक ल्यूकच्या सामानात उचकापाचक करतो, तेव्हा भाचा म्हणाला, "याला झोप आली आहे का?" खरा की खोटा, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. पापण्या जड दिसल्या, त्यावरून म्हातारा दमलाय हे त्याने ताडलं. रबराच्या बाहुल्याबद्दल हे!

२००२ च्या चित्रपटात योडा काठी टाकून लाइटसेबर (प्रकाशाची तलवार) उपसतो तिथे पठ्ठ्या सोफ्यावर उभा राहिला. तो योडा पूर्ण डिजिटल आहे, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. २००५ च्या चित्रपटात मात्र हेल्मेट काढलेला एक क्लोन सैनिक (एकाच माणसाच्या नकलांच्या फौजेतला) ओबी-वॉनशी बोलतो, तिथे त्याने मला थांबवायला लावलं. "मावशी, याचं डोकं दुसऱ्याच कुणाच्या अंगावर बसवलंय का?" मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. मानेशी खरंच काहीतरी आहे. डोकं हलतं ते एका तालात, खांदे दुसऱ्याच.

एक प्रयोग मीही केला. १९९९ च्या चित्रपटाच्या माझ्याकडे दोन प्रती आहेत. जुन्या डीव्हीडीत योडा बाहुला आहे, आणि २०११ च्या ब्लू-रेत त्याच प्रसंगांत त्याच्या जागी डिजिटल योडा बसवलाय. क्वाय-गॉन लहान अ‍ॅनाकिनला जेडाय योद्ध्यांच्या मंडळापुढे उभं करतो तो प्रसंग मी दोन्हीकडे लागोपाठ लावला. माझा अंदाज होता की बाहुला जिंकणार. तो जिंकला नाही. १९९९ चा बाहुला मुळातच वेगळा घडवलेला आहे. चेहरा गुळगुळीत, डोळे एकमेकांपासून किंचित लांब, ओठ बोलण्याच्या मागे पडतात. डिजिटल योडा आजूबाजूच्या माणसांत जास्त मिसळतो. हे लिहिताना मला जरा जड जातंय, कारण 'बाहुला तो खरा, कॉम्प्युटर तो खोटा' हे माझं वर्षानुवर्षांचं ठाम मत होतं.

म्हणून विचारते. 'सीजीआयने (कॉम्प्युटरवर बनवलेल्या दृश्यांनी) मालिकेची वाट लावली' हे आपण सगळेच सहज म्हणून जातो. पण खटकतं ते नेमकं काय? चित्रपटाचं नाव नको, एखादा शॉट सांगा. तिथे डोळ्याला काय टोचलं ते सांगा. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

---

रोटोवाला

तुमच्या भाच्याच्या नजरेला सलाम. त्याने जे पाहिलं ते शब्दशः खरं आहे.

२००२ आणि २००५ च्या चित्रपटांसाठी क्लोन सैनिकाचं एकही खरं चिलखत बनवलं गेलं नाही. पडद्यावर दिसणारा प्रत्येक क्लोन सैनिक कॉम्प्युटरमधला आहे. जिथे हेल्मेट काढलेला दाखवायचा तिथे टेम्युएरा मॉरिसन या नटाला निळ्या कपड्यांत उभं करून चित्रीकरण केलं आणि त्याचं डोकं डिजिटल चिलखतावर बसवलं. आता विचार करा, माणूस डोकं वळवतो तेव्हा त्याआधीच खांद्याकडून थोडी हालचाल सुरू झालेली असते. अंगावर खरं चिलखत असेल तर त्याची कड मानेला लागते, माणूस तिच्याशी जुळवून घेत वळतो. इथे मानेला अडवणारं काहीच नव्हतं. कॉम्पोझिटिंग (वेगवेगळ्या प्रतिमा एका फ्रेममध्ये जुळवणं) कितीही चोख करा, जी अडचण सेटवर नव्हतीच ती तुम्ही नंतर आणणार कुठून?

मी चौदा वर्षं हेच काम करतोय. सुरुवात रोटोने झाली (फ्रेमफ्रेमला माणसाची कड कापत बसायचं), आता कॉम्पोझिटिंग. त्यामुळे तुमच्या 'नेमकं काय' या प्रश्नाला माझं उत्तर धंद्यातलं आहे. बहुतेक वेळा डोळ्याला खटकतात त्या तीनच गोष्टी: पाय जमिनीला कुठे टेकतो, प्रकाश कातडीवर कसा पडतो, आणि समोरचा नट कुठे बघतोय.

पहिल्या गोष्टीसाठी १९८० चे ते चालणारे अवाढव्य एटी-एटी (चार पायांची युद्धयंत्रं) आठवा. ते स्टॉप मोशन आहेत, फिल टिपेट आणि त्यांच्या सोबत्यांनी एकेक फ्रेम हलवून केलेले. त्यासाठी त्यांनी हत्तींच्या चालीचा अभ्यास केला होता. पाऊल पडतं, क्षणभर थांबतं, मग वजन पुढे सरकतं. हालचाल अडखळती आहे, तरी यंत्र शेकडो टनांचं वाटतं. वजन कॉम्प्युटर आपणहून देत नाही आणि बाहुलाही देत नाही. ते अ‍ॅनिमेटरला वेळेच्या हिशोबातून काढावं लागतं.

दुसरी गोष्ट कातडीची. खरी कातडी प्रकाश नुसता परतवत नाही. थोडा आत घेते, आत पसरवते आणि मग बाहेर सोडते. कानामागे दिवा धरला की कान लालसर उजळतो तो यामुळे. हे कॉम्प्युटरवर परवडेल अशा पद्धतीने करण्याचं गणित २००१ साली मांडलं गेलं आणि २००२ च्या शेवटी आलेल्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गोलममध्ये जगाने त्याचं रूप पाहिलं. जार जार बिंक्स हे विनोदी डिजिटल पात्र मे १९९९ चं. त्याची कातडी कोरडी, प्लास्टिकसारखी दिसते याचं मोठं कारण हे. काम करणाऱ्यांच्या मेहनतीत कमतरता नव्हती, ते हत्यारच अजून हातात आलं नव्हतं.

तिसरी गोष्ट, नजर, यावर दुसरं कुणी लिहिलं तर बरं. मी फक्त एवढंच सांगतो की आम्ही सगळ्यात जास्त रात्री जागतो त्या नजरेची रेषा जुळवायला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. १९९९ चा चित्रपट 'सगळा कॉम्प्युटर' म्हणून हिणवला जातो. प्रत्यक्षात त्याच्यासाठी प्रचंड प्रमाणात मिनिएचर (छोटी मॉडेल्स) बांधली होती. पॉडरेस या यानांच्या शर्यतीच्या प्रेक्षागारात लांबून जी गर्दी दिसते, तिच्यात कान साफ करायच्या रंगवलेल्या कापसाच्या काड्या आहेत, हजारोंनी खोचलेल्या. थीड शहराचे धबधबे म्हणजे ओतलेलं मीठ. २००५ च्या शेवटच्या द्वंद्वातला लाव्हा बराचसा मॉडेलवर वाहवलेला दाट चिकट द्रव आहे, खालून दिवे लावलेले, आणि काही दृश्यांत सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या खऱ्या उद्रेकाचं चित्रीकरण. मी हे लोकांना सांगतो तेव्हा ते मला वेड्यात काढतात. ज्या शॉटला बोट दाखवून 'बघ, कसं खोटं दिसतंय' म्हणतात, त्यातलं निम्मं कुणीतरी हाताने रंगवलेलं असतं.

---

व्हीएचएसप्रेमी

रोटोवाला यांनी मनापासून लिहिलंय, आदर आहे. तरी मी दुसऱ्या बाजूचा.

शॉट मागितलात, देतो. १९९७ साली जुने तीन चित्रपट डिजिटल बदल करून पुन्हा आणले. त्या विशेष आवृत्तीत पहिल्या चित्रपटात एक प्रसंग नव्याने घातला. हान सोलो आणि गुंडांचा म्होरक्या जब्बा, यानाच्या तळावर. हा प्रसंग मूळ चित्रीकरणाच्या वेळीच घेतलेला होता, जब्बाच्या जागी डेक्लन मुलहोलंड नावाचा नट होता, आणि पुढे तो कापला गेला. वीस वर्षांनी त्या माणसावर डिजिटल जब्बा चढवला. अडचण अशी झाली की मूळ चित्रीकरणात हॅरिसन फोर्ड (हान) त्या माणसाच्या पाठीमागून वळसा घालून जातो. माणसाला शेपूट नव्हती, जब्बाला आहे. मग काय केलं? फोर्डची प्रतिमा कॉम्प्युटरवर उचलली आणि त्याला शेपटीवर पाय देऊन जाताना दाखवलं.

तो शॉट पुन्हा बघा. फोर्ड चढत नाही, तो सरकतो. वर जातो, खाली येतो, आणि गुडघ्यात काहीच होत नाही. पायरी चढताना माणसाचं अंग आधी पुढे झुकतं, ते झुकणं कुठे आहे? आणि ज्याच्या नावाने सगळे चळाचळा कापतात त्याच्या शेपटीवर पाय दिल्यावर तो नुसता कण्हतो. शॉटने जब्बाचा दरारा घालवला. २००४ च्या डीव्हीडीत जब्बा नव्याने बनवला, दिसायला बराच सुधारला, पण चाल तीच राहिली.

त्याच्यापुढे १९८३ चा जब्बा ठेवा. जवळजवळ टनभराचा बाहुला, आत माणसं बसलेली, शेपटीत वेगळा माणूस. तो हलत नाही म्हणूनच तो मालक वाटतो. बाकीच्यांनी त्याच्याकडे यायचं. बाहुल्याला हलता येत नव्हतं, दिग्दर्शकाने त्या न हलण्यातून त्याचा रुबाब काढला. १९८० च्या योडाचंही तेच. सगळा सेट जमिनीपासून उंच बांधला, कारण फ्रँक ऑझ आणि त्यांच्या साथीदारांना खालून हात घालून बाहुला चालवायचा होता. ल्यूक झालेल्या मार्क हॅमिलला आपलं सगळं दुःख त्या बाहुल्यापुढे मांडायचं होतं आणि त्याने ते मांडलं.

अडचण नसली की माणूस थांबत नाही, हे माझं म्हणणं. डिजिटलने हात मोकळे केले आणि मग फ्रेमच्या प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी उडतंय, धावतंय, फुटतंय. १९९७ च्या आवृत्तीत मॉस आयझली गावाच्या रस्त्यावर ऐन बोलण्याच्या वेळी एक भला मोठा प्राणी कॅमेऱ्यापुढून चालत जातो. मी ल्यूक आणि ओबी-वॉनकडे बघायचं की त्याच्या पायांकडे?

आणि एक सल आहे, तो इथेच बोलून टाकतो. मी ज्या रूपात ते तीन चित्रपट पाहिले, ते रूप पुढे बाजारात मिळेनासं झालं. २००६ साली डीव्हीडीसोबत जोडीला दिलं होतं, तेही जुन्या लेझरडिस्कच्या प्रतीवरून घेतलेलं, धूसर. नवी आवृत्ती काढा की, कोण नाही म्हणतंय? पण जुनी पुसू नका. त्या मॉडेल बनवणाऱ्यांचं कामही कुणाचं तरी आयुष्य होतं. माझी व्हीएचएस टेप अजून आहे. चालवायला यंत्र उरलं नाही, टेप टाकून देववत नाही.

---

रोटोवाला

सेट उंच बांधल्याची आठवण काढलीत, बरं झालं. शेपटीच्या शॉटबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. तिथे पायच जमिनीवर नाही, म्हणजे माझ्या यादीतली पहिलीच गोष्ट. आणि प्राणी आडवा जातो त्याबद्दलही. पण तो निर्णय कॉम्प्युटरने घेतला नव्हता एवढंच लक्षात ठेवा.

---

निळीसावली

मी थोडी वेगळ्या वयाची. १९९९ चा चित्रपट माझा पहिला. सात वर्षांची होते, आणि जार जार बिंक्स माझा सगळ्यात आवडता होता. तो पडायचा, धडपडायचा, मोठ्यांच्या रागावण्याला घाबरायचा. त्या सगळ्या गंभीर बायाबापड्यांमध्ये माझ्यासारखा एकटा तोच होता. तो कॉम्प्युटरने केलाय हे मला ठाऊकच नव्हतं, आणि कळलं तेव्हा फरक पडला नाही.

फरक पडला तो पुढे, नेटवर वाचायला लागल्यावर. ज्याला मी मित्र मानलं होतं त्याच्याबद्दल लोक इतकं विखारी का लिहितात, ते मला कळेना. मी शाळेत त्याचं नाव घेणं बंद केलं.

रोटोवाला यांनी नजरेचं काम दुसऱ्यावर सोडलंय, तर त्याबद्दल मी लिहिते, कारण जार जारच्या बाबतीत नजर बरोबर आहे. अहमद बेस्ट हा नट सेटवर प्रत्यक्ष होता. जार जारचा वेश अंगावर, आणि डोक्यावर त्याच्या उंचीचं मुंडकं लावलेली टोपी. लियाम नीसन (क्वाय-गॉन) आणि युअन मॅकग्रेगर (ओबी-वॉन) त्याच्याशी बोलताना हवेत बघत नाहीत. क्वाय-गॉन जेवणाच्या टेबलाशी जार जारची लांब जीभ झटकन चिमटीत पकडतो, तो प्रसंग आठवा. पकडणाऱ्याच्या चेहऱ्यावर वैताग आहे तो समोर कुणीतरी असल्याचा आहे. ती लचकती, पाय टाकत टाकत जाणारी चाल अहमद बेस्टच्या अंगातली. पूर्ण लांबीच्या चित्रपटात माणसांच्या बरोबरीने वावरणारं एवढं मोठं डिजिटल पात्र त्याआधी फारसं कुणी केलं नव्हतं, आणि ते त्याने स्वतःच्या शरीराने करून दाखवलं.

लोकांनी नंतर त्याचं काय केलं? त्या टीकेचा मारा असह्य होऊन आपण जीव द्यायच्या टोकाला गेलो होतो, हे त्याने २०१८ मध्ये स्वतः जाहीरपणे लिहिलं. मी ते वाचलं तेव्हा रडले. कारण 'डिजिटल पात्र' म्हणून शिव्या देताना लोकांना वाटत होतं की आत कुणी नाही.

२०२३ मध्ये 'द मँडलोरियन' या 'स्टार वॉर्स'च्याच मालिकेच्या तिसऱ्या पर्वात अहमद बेस्ट परत आला. या वेळी जेडाय म्हणून, स्वतःच्या चेहऱ्याने. लहानग्या ग्रोगूला वाचवणारा जेडाय तोच निघतो. मी तो तुकडा लागोपाठ तीनदा पाहिला.

ताई, तुमच्या भाच्याला जार जार कसा वाटला ते तुम्ही लिहिलंच नाही. मला ते ऐकायचं आहे.

---

शेवटचीरांग

निळीसावली, खरंच राहून गेलं. त्याला आवडला. जीभ पकडतात तिथे खदखदून हसला आणि मला 'पुन्हा लाव' म्हणाला. पण शेवटच्या गवताळ रणांगणावरच्या लढाईत जार जारकडे तो बघतच नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "तिथे कुणालाच लागत नाहीये." यंत्रमानवांची फौज डिजिटल, जार जारच्या जमातीची, गुंगनांची फौज डिजिटल, दोन्ही एकमेकांवर आदळतात आणि त्याला ते एका खोक्यातली खेळणी दुसऱ्या खोक्यात ओतल्यासारखं वाटलं. अहमद बेस्टबद्दल मला एवढं माहीत नव्हतं. त्याला सांगेन. त्याच्या वयाला झेपेल तेवढंच, पण सांगेन.

तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यावरून मी काल रात्री एकटीने पुन्हा काही तुकडे काढून पाहिले आणि एक धागा हाती लागतोय असं वाटतं. जिथे डिजिटल पात्रासमोर सेटवर कुणीतरी उभं होतं, तिथे मी ते मान्य करते. २०१६ च्या 'रोग वन'मधला के-टू-एसओ हा उंच यंत्रमानव घ्या. पूर्ण डिजिटल आहे आणि त्याच्याबद्दल तक्रार करणारं मला कुणी भेटलेलं नाही. अ‍ॅलन ट्युडिक पायाला उंच काठ्या बांधून, म्हणजे स्टिल्ट्सवर, बाकीच्या नटांबरोबर प्रत्यक्ष वावरत होता. शिवाय धातूला कातडीचा प्रश्न नाही. उलट जिथे दोन्ही बाजूंना कुणीच नाही, त्या लढाया माझ्याही डोक्यावरून जातात.

पण त्याच चित्रपटातला टार्किन हा करारी अधिकारी? तिथे हे सगळं अडतं. गाय हेन्री हा नट सेटवर होता, नजर जुळलेली, प्रकाश उत्तम, आणि चेहरा १९७७ मध्ये ही भूमिका केलेल्या पीटर कुशिंगचा. कुशिंग १९९४ मध्ये गेले. माझी आई आमच्याबरोबर बसली होती. तिला तो म्हातारा नट फार आवडला, 'काय करारी माणूस आहे' म्हणाली. मी सांगितलं की हा माणूस वारून तेव्हा वीस-बावीस वर्षं झाली होती. ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "त्याच्या घरच्यांना विचारलं होतं ना?" परवानगी घेतली होती, ते मी तिला सांगितलं. तिचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. चित्रपट संपल्यावर हातातली वाटी खाली ठेवत म्हणाली, "पण त्याला कुठे विचारलं."

इथे खटकण्याचं कारण तंत्र कच्चं असणं हे नाही. आईला तर काही खोटं दिसलंच नव्हतं.

---

व्हीएचएसप्रेमी

तुमच्या आईंचं वाक्य माझ्या मनात राहणार आहे.

मला मात्र टार्किन पडद्यावर आल्या क्षणी कळलं होतं. पहिल्यांदा काचेत प्रतिबिंब दिसतं तिथपर्यंत ठीक. तो वळला आणि माझ्या पोटात गोळा आला. गालाचा खळगा, भुवई, सगळं हुबेहूब, पण बोलताना तोंडाच्या भोवतीचं मांस वेगळंच वागतं. कुशिंगचे ओठ पातळ होते आणि ते शब्द चावून बोलायचे. मी ते तोंड १९७७ च्या चित्रपटात इतक्या वेळा पाहिलंय की मला फसवणं अवघड. तुमच्या आईंनी ते तोंड आधी पाहिलं नव्हतं.

---

रोटोवाला

हे फार बरोबर पकडलंत. ओळखीचा चेहरा करणं आमच्या धंद्यातलं सगळ्यात कठीण काम. योडाची कातडी कशी हवी ते कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे थोडी सूट मिळते. माणसाचा चेहरा प्रत्येक प्रेक्षक जन्मल्यापासून वाचत आलेला असतो.

टार्किनवर काम केलेल्यांपैकी मी कुणाला ओळखत नाही, पण एका दुसऱ्या चित्रपटात एका हयात नटाला पंधरा वर्षांनी लहान करण्याचं काम मी केलंय. सात महिने. गालावरची एक घडी काढायची, तर त्याबरोबर हसूच जातं. घडी परत आणली की वय परत येतं. शेवटी आम्ही थोडी घडी ठेवली. मग प्रदर्शनाच्या वेळी जाहिरातीत सांगितलं गेलं की 'शक्य तेवढं सगळं खरं चित्रित केलंय', आणि आमच्या सत्तर-ऐंशी जणांच्या कामाबद्दल चकार शब्द नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

म्हणून २०१५ च्या 'द फोर्स अवेकन्स'च्या वेळी 'आता पुन्हा सगळं खरं' असं कौतुक झालं तेव्हा मी खूश आणि नाराज दोन्ही होतो. बीबी-८ हा गोल यंत्रमानव सेटवर खरोखर होता, बाहुलेवाले काठ्यांनी चालवत होते, वाळूत त्याची चाकोरी उमटत होती. ते फार सुंदर काम आहे. पण त्या काठ्या आणि ती माणसं नंतर एकेका फ्रेममधून पुसली कुणी? त्याच चित्रपटात दोन हजारांहून जास्त इफेक्ट शॉट आहेत. प्रेक्षकांना बाहुला 'खरा' दिसतो, कारण त्याला चालवणारा माणूस आमच्यापैकी कुणीतरी पुसलेला असतो.

---

निळीसावली

२०१७ च्या चित्रपटात योडा परत बाहुला झाला, ते कुणी लिहिलं नाही अजून! जुन्याच साच्यांवरून घडवला आणि चालवायला पुन्हा फ्रँक ऑझ. मी तर डिजिटल योडावर वाढलेली, तरी तो हसला तेव्हा घशात काहीतरी आलं. का ते सांगता येत नाही.

---

शेवटचीरांग

मला वाटतं मला सांगता येईल, निदान माझ्यापुरतं.

काल मी २००२ च्या त्या द्वंद्वाचा शेवट पाहिला. उड्या संपल्यानंतरचा. खलनायक काउंट डूकू वरून अवजड खांब पाडतो, खाली ओबी-वॉन आणि अ‍ॅनाकिन जखमी पडलेत. योडा डोळे मिटून तो खांब हवेत तोलून धरतो, बाजूला ठेवतो, तोवर डूकू निसटलेला. मग योडा जमिनीवर पडलेली काठी हाताच्या इशाऱ्याने जवळ बोलावतो, तिच्यावर भार टाकतो आणि पुन्हा तोच म्हातारा होऊन पाय ओढत त्या दोघांकडे निघतो.

तिथे मी फ्रेमफ्रेमने पुढे गेले. चालताना त्याचे कान किंचित थरथरतात. प्रत्येक पावलाला. मी थांबून विचार केला, हे थरथरणं मी कुठे पाहिलंय? मग १९८० ची डिस्क घातली. तिथे फ्रँक ऑझ बाहुला चालवतात तेव्हा कान असेच हलतात, कारण ते रबराचे आहेत आणि खालून हात हलतोय. ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं, तो रबराचा गुण. अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक रॉब कोलमन आणि त्यांच्या अ‍ॅनिमेटरांनी तो गुण बघून बघून कॉम्प्युटरमधल्या योडाच्या कानात उतरवला. खरं तर त्यांना योडा कसाही हलवता आला असता, आणि त्यांनी ऑझ यांच्या हाताचा कंप जपला.

म्हणजे निळीसावली, तू ज्याच्यावर वाढलीस त्याच्याही आत तो हात होताच.

भाच्याला शनिवारी दोन्ही कान लागोपाठ दाखवणार आहे. आधी काही सांगणार नाही. त्याला काय दिसतं ते इथे येऊन लिहीन.

---

रोटोवाला

नक्की लिहा. आणि २००५ च्या त्या क्लोनच्या शॉटची वेळ, मिनिट-सेकंद, सांगाल का? उद्या ऑफिसात नव्या मुलांना दाखवतो, अकरा वर्षांच्या पोराने पकडलेला आहे म्हणून.